‘किती घेतलीस?’ हे नीट विचारताना

“फार नाही मॅडम, एक क्वार्टर. तीही फक्त शनिवारी.”

समोर बसलेला मुलगा इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा. वसतिगृहाच्या जिन्यात पडला, हनुवटीला चार टाके पडले, म्हणून रेक्टरांनी माझ्याकडे पाठवलेला. त्याच आठवड्यात एक मुलगी आली, स्वतःहून, मैत्रिणीला दाराबाहेर बसवून. म्हणाली, “मी हार्ड घेतच नाही. बिअर फक्त. दोन बाटल्या.” दोघांनाही मी कागद-पेन्सिल दिली आणि म्हटलं, चल, हिशोब करू.

हिशोब सोपा आहे, तुम्हीही एकदा करून बघा. आपल्याकडच्या व्हिस्की, रम, व्होडकात साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. ३० मिलिचा छोटा पेग घेतला की पोटात जवळपास १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं. भारतात यालाच एक युनिट धरतात. क्वार्टर म्हणजे १८० मिलि, सहा छोटे पेग, ६० ग्रॅम. आता बिअर. स्ट्राँग बिअरमध्ये ८ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असतं आणि मोठी बाटली ६५० मिलिची. एका बाटलीत ४० ग्रॅम झाले, चार पेगांएवढे. म्हणजे ‘हार्ड न घेणारी’ ती मुलगी एका बैठकीत ८० ग्रॅम घेत होती, क्वार्टरवाल्यापेक्षा २० ग्रॅम जास्त. तिने गुणाकार दोनदा तपासला. मग बराच वेळ पेन्सिलीचं टोक कागदावर टेकवून बसली.

एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा त्याहून जास्त, ही जागतिक आरोग्य संघटनेची ‘एकावेळी अती पिण्या’ची रेषा आहे. बरोब्बर एक क्वार्टर. अमेरिकेतल्या संशोधकांनी ही रेषा स्त्री-पुरुषांसाठी वेगवेगळी आखली: साधारण दोन तासांत पुरुषाने पाच ड्रिंक, बाईने चार. त्यांचं ड्रिंक १४ ग्रॅमचं, म्हणून आपल्या मापात पुरुषाचे सात छोटे पेग आणि बाईचे साडेपाच. इंग्रजीतला ‘बिंज’ हा शब्द आता आपल्या मुलांच्या तोंडी वेबसिरीजमुळे आलेला आहे. दारूच्या बाबतीत त्याचा अर्थ हा.

हा लेख त्या मुलामुलींसाठी नाही, त्यांच्याशी बोलू शकणाऱ्या माणसांसाठी आहे. मोठी ताई, मामा, वर्गशिक्षक, रेक्टर, घरचे डॉक्टर, आणि सगळ्यात जास्त म्हणजे रूममेट. व्यसनी झालेल्या माणसाच्या उपचाराबद्दलही मी इथे बोलत नाही. आठवडाभर अभ्यास, नोकरी नीट करणारी आणि शनिवारी ‘बसली’ की उठताना भान नसलेली, अठरा ते पंचवीस-सव्वीसची ही पोरं. यांच्यासाठी दहा-पंधरा मिनिटांचं एखाद-दुसरं बोलणं खरंच उपयोगी पडतं. त्याला संक्षिप्त समुपदेशन म्हणतात, आणि त्यामागे चाळीस वर्षांचं काम आहे. विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलं, की वाद घालून माणूस दारू सोडत नाही, उलट आपली बाजू लढवता लढवता तीच घट्ट धरतो. बदलाची कारणं त्याच्याच तोंडून यायला हवीत. वॉशिंग्टन विद्यापीठात अ‍ॅलन मार्लाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच वाटेने कॉलेजच्या मुलांसाठी दोन भेटींची पद्धत बसवली. पहिल्या भेटीत पिण्याचा नीट हिशोब, दुसऱ्या भेटीत तो हिशोब आरशासारखा समोर धरायचा. उपदेश नाही, शपथ नाही.

आता मुलगा आणि मुलगी यांत फरक कुठे पडतो, हा खरा प्रश्न.

जागतिक आरोग्य संघटनेने आठ देशांत केलेला एक मोठा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. जास्त पिणाऱ्यांतल्या काहींना थोडक्यात सल्ला दिला, काहींची फक्त माहिती विचारून घेतली. सल्ला मिळालेल्या पुरुषांचं रोजचं पिणं, न मिळालेल्यांच्या तुलनेत सुमारे १७ टक्क्यांनी कमी भरलं. पाच मिनिटांचा साधा सल्ला वीस मिनिटांच्या समुपदेशनाइतकाच लागू पडला. स्त्रियांमध्ये मात्र दोन्ही गटांचं पिणं कमी झालं, सल्ला मिळालेल्यांचंही आणि नुसतं विचारलेल्यांचंही. यावरून बरीच वर्षं असं बोललं गेलं, की थोडक्यातला सल्ला बायकांवर चालत नाही. मला ते वाचन कधीच पटलं नाही. कुणीतरी शांतपणे, क्रमाने, आवाज न चढवता ‘किती, कधी, कुणाबरोबर’ विचारतं आणि उत्तर ऐकून घेतं, हे त्या बायकांच्या आयुष्यात कदाचित पहिल्यांदाच घडलं असेल. ते विचारणंच त्यांच्यासाठी औषध झालं असेल, असं मला माझ्या खोलीतल्या अनुभवावरून वाटतं. पुढे २०१८ मध्ये कोक्रेन या संस्थेने ६९ अभ्यास एकत्र तपासले, आणि थोडक्यातल्या समुपदेशनानंतर पुरुष आणि स्त्रिया दोघांचंही पिणं कमी होतं, असंच त्यातून दिसलं. घट मोठी नाही, आठवड्याला सरासरी २० ग्रॅम, दोन छोटे पेग. पण दहा मिनिटांच्या खर्चात दर आठवड्याचे दोन पेग गेले, तर तो सौदा मी आनंदाने करीन.

आपल्याकडची अडचण अशी, की मुलीला कुणी विचारतच नाही. ‘आपली मुलगी पिणार नाही’ यावर घर बसलेलं असतं, आणि ज्या दिवशी कळतं त्या दिवशी प्रश्न नसतो, आकांत असतो. मुलालाही कुणी विचारत नाही, पण तिथे कारण उलटं: या वयात चालायचंच. संशोधनातही ही फट दिसते. गोव्यात संगात या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये, डॉक्टर नसलेल्या, गावातल्याच प्रशिक्षित माणसांकडून दारूसाठी समुपदेशन करवलं. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. तीन महिन्यांनंतर, आधीच्या चौदा दिवसांत थेंबही न घेतलेले लोक समुपदेशन मिळालेल्यांत ४२ टक्के होते आणि नुसत्या नेहमीच्या उपचारात १८ टक्के. फार मोलाचं काम. पण त्यात सगळे पुरुषच होते. स्वित्झर्लंडमध्ये लोझानच्या संशोधकांनी सैन्यभरतीसाठी आलेल्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांशी असंच बोलून पाहिलं, आणि एकावेळी जास्त पिणाऱ्यांत फरक दिसला. तिथे सैन्यभरती सक्तीची फक्त मुलांना, त्यामुळे मुली त्यातही नाहीत. तरुण मुलींबद्दल जे कळतं, ते बरंचसं अमेरिकेतल्या कॉलेजांमधून.

तर बोलायचं कसं, ते सांगते.

वेळ आधी. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. डोकं ठणकत असताना माणूस “आयुष्यात परत हात लावणार नाही” म्हणतो, आणि ते वाक्य बुधवारपर्यंत विरतं. दोन-तीन दिवस जाऊ द्या. मुलाशी चालता चालता, गाडीवरून जाताना, चहाच्या टपरीवर बोललेलं चालतं. समोरासमोर बसवलं की तो चौकशीला बसल्यासारखा आक्रसतो. मुलीशी बोलताना दार बंद होणारी जागा हवी आणि एक वाक्य आधीच सांगायला हवं: “हे मी आईबाबांना सांगणार नाही, तुझ्या जिवाला धोका दिसला तरच सांगेन, आणि तेही तुला आधी सांगून.” हा शब्द मुलालाही द्याच. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी २१ आणि बाकीच्या दारूसाठी २५ वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे वसतिगृहातल्या बहुतेकांचं पिणं कायद्याने गुन्ह्यात मोडतं. भीती दोघांनाही असते. मुलीच्या भीतीत अब्रूही असते, एवढाच फरक.

सुरुवात तीन प्रश्नांनी करा. किती वेळा घेतोस किंवा घेतेस? घेतली तर साधारण किती? आणि एका बैठकीत सहा किंवा त्याहून जास्त ड्रिंक किती वेळा होतात? जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘ऑडिट’ नावाच्या दहा प्रश्नांच्या चाचणीतले हे पहिले तीन. त्यांचे गुण १२ पैकी मोजतात. पुरुषाला ४ आणि स्त्रीला ३ गुण मिळाले की थांबून बोलायला हवं, असं धरतात. गुण मोजता आले नाहीत तरी चालेल, प्रश्न मात्र याच क्रमाने विचारा. ‘का?’ हा प्रश्न यात नाही, आणि पहिल्या पाच मिनिटांत तो तोंडातून निघू देऊ नका. ‘का’ विचारलं की समोरचा सफाई द्यायला लागतो.

मग हिशोबाचा कागद. क्वार्टर म्हणजे किती, बाटली म्हणजे किती, हे त्यांच्याच हाताने लिहू द्या. इथे शरीराचा विषय आपोआप येतो. दोघंही ६० किलोचे, दोघांनीही तासाभरात दोन मोठे पेग घेतले, ४० ग्रॅम. ढोबळ हिशोबाने मुलाच्या १०० मिलि रक्तात साधारण ८० मिलिग्रॅम अल्कोहोल भरेल, मुलीच्या १०० च्या वर जाईल. स्त्रीच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी, म्हणून तीच दारू कमी पाण्यात मिसळते. पोटातच थोडं अल्कोहोल मोडणारं विकर तरुण स्त्रियांमध्ये कमी काम करतं, असंही आढळलेलं आहे. मुलीला हे सांगताना ‘तुला झेपणार नाही’ असा सूर आला तर सगळं फिसकटतं, कारण ती नेमकं तेच खोटं पाडायला मित्रांच्या बरोबरीने ग्लास उचलत असते. तिला गणित द्या, तिच्या वजनाचं. आणि मुलाला हे सांगा, की गाडी चालवण्याची कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. दोन मोठ्या पेगांनंतर ‘मी ओके आहे’ म्हणत किल्ली फिरवणारा माणूस या मर्यादेच्या अडीचपट पुढे असतो. पहिल्या गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. यकृत साधारण एका तासात एका छोट्या पेगापेक्षाही कमी अल्कोहोल निपटतं. लिंबूपाणी, काळी कॉफी, गार पाण्याची आंघोळ, कशानेही त्याचा वेग वाढत नाही.

यापुढची पायरी म्हणजे तुलना, आणि इथे मी मुलगा आणि मुलगी यांना जाणूनबुजून वेगळं वागवते. ‘सगळेच पितात’ हा या वयाचा सगळ्यात पक्का समज. इतर किती पितात याचा अंदाज विद्यार्थी वाढवूनच करतात, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे; खरा आकडा समोर ठेवला की स्वतःचं पिणं कमी होतं. मुलाशी बोलताना हे हमखास उपयोगी पडतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत, पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी सुमारे १९ टक्के दारू घेतात असं आलं. त्या क्वार्टरवाल्या मुलाला मी विचारलं, शंभर पुरुषांत किती पीत असतील? तो म्हणाला, सत्तर-ऐंशी. आकडा ऐकल्यावर म्हणाला, “मग मी ज्यांच्यात बसतो ते सगळे त्या एकोणीसमधलेच आहेत.” हे वाक्य मी दहा जन्मांत त्याला शिकवू शकले नसते.

तोच आकडा स्त्रियांसाठी सुमारे १ टक्का आहे. तो मी मुलीपुढे ठेवत नाही. ‘तू शंभरातली एक’ हे तिच्या कानांवर कमी कर म्हणून पडत नाही, तू वाईट चालीची म्हणून पडतं. ती मान खाली घालते आणि परत येत नाही. अमेरिकेत क्लेटन नेबर्स आणि मेलिसा लुईस यांनी दाखवलं आहे, की आपल्या स्त्री असण्याशी घट्ट जोडलेल्या मुलींना इतर मुलींशी केलेली तुलना जास्त लागू पडते. पण तिथे पिणाऱ्या मुली पुष्कळ, त्यामुळे तुलनेत लाज मिसळत नाही. आपल्याकडे मिसळते. म्हणून मुलीच्या बाबतीत तुलना तिची तिच्याशीच: सहा महिन्यांपूर्वीचे शनिवार आणि आताचे शनिवार. कोणत्या रात्रीचं काय आठवत नाही. दुसऱ्या दिवशीचं कोणतं लेक्चर गेलं. किती पैसे गेले.

आता कारणं आपोआप बाहेर यायला लागतात. मुलं बहुतेक करून मजा, पैज, गटात वजन यांबद्दल बोलतात. “मला चढतच नाही” हे वाक्य मुलगा अभिमानाने सांगतो. त्याला सांगा, की न चढणं ही ताकद नाही, सवय झाल्याची खूण आहे. मुलींच्या बोलण्यात, निदान माझ्या खोलीत, ताण जास्त वेळा येतो: तुटलेलं नातं, न येणारी झोप, पीजीतलं एकटेपण. पण हा काही नियम नाही. मजेचं आवरण सोलल्यावर आत रडणारे मुलगे मी पुष्कळ पाहिलेत, आणि निव्वळ नाचायला मजा येते म्हणून पिणाऱ्या मुलीही. ताण हे कारण निघालं तर दारूचा विषय तिथेच थांबवून ताणाकडे वळा. झोप येत नसलेल्या मुलीला पेग मोजायला शिकवून काय उपयोग?

एक गोष्ट कळकळीने सांगते. मुलीशी बोलताना ‘अशा अवस्थेत तुझं काही बरंवाईट झालं असतं तर’ हे वाक्य प्रत्येकाच्या जिभेवर येतं, मायेनेच येतं. पण तिच्यासोबत काही झालेलं असेल, तर त्या वाक्यानंतर ती ते तुम्हाला कधीच सांगणार नाही. विचारायचंच असेल तर असं विचारा: “अशा कुठल्या रात्री कुणी तुझ्याशी नको तसं वागलं का? वागलं असेल, तर दोष त्याचा आहे.” आणि सुरक्षिततेचं बोलणं मुलाशी न चुकता करा, कारण तिथे ते कुणीच करत नाही. नशेत असलेली, काय चाललंय ते समजण्याच्या स्थितीत नसलेली मुलगी ‘हो’ म्हणाली, तरी कायद्याच्या नजरेत ती संमती नाही, तो बलात्कार आहे. भारतीय न्याय संहितेत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. वीस वर्षांच्या कितीतरी मुलांना हे मी पहिल्यांदा सांगितलं आहे.

शेवटी योजना, तीही एकच. घरून निघतानाच आकडा ठरवणं आणि एकाला सांगणं. पोटभर जेवून बसणं; चखण्याला जेवण समजायचं नाही. एका ग्लासानंतर एक ग्लास पाणी. आपला पेग आपणच मापाने भरणं. शॉट आणि ‘बॉटम्स अप’ला नाही म्हणणं. किल्ली आधीच दुसऱ्याकडे देणं. अजिबात न पिणं हाही पर्याय या यादीत ठेवा, आणि आरोग्याच्या दृष्टीने तोच सगळ्यात सुरक्षित आहे हे सरळ सांगा. फक्त निवड त्यांची त्यांना करू द्या. अशा काळज्या मुली मुलांपेक्षा जास्त घेतात, असं अभ्यास सांगतात. म्हणून मुलीला नवं शिकवण्याआधी विचारा, “तू आत्ता काय काळजी घेतेस?” निम्मी योजना तिच्याकडे तयार असते. मुलाला यादीतली एकच गोष्ट निवडायला सांगा, दोन नकोत. अमेरिकेत कॉलेजचे दारूविषयीचे नियम मोडलेल्या विद्यार्थ्यांच्या एका अभ्यासात, संगणकावरच्या कार्यक्रमापेक्षा माणसाशी झालेल्या बोलण्याचा मुलींना जास्त उपयोग झाला होता. मुलांत तसा फरक नव्हता. तेव्हा मुलाला फोनवरचं एखादं मोजणीचं अ‍ॅप देऊन भागेल, मुलीला तुम्ही स्वतः वेळ द्या.

आणि प्रसंग त्या रात्रीचाच असेल तर बोलणं बाजूला. माणूस हलवून जागा होत नाही, श्वास अडखळतोय, अंग गार पडलंय किंवा झोपेतच उलटी होतेय, तर त्याला कुशीवर वळवा, एकटं सोडू नका, काही पाजू नका आणि १०८ ला फोन करा. ‘झोपून उतरेल’ असं म्हणत दार ओढून घेतल्याने पोरं गेली आहेत.

दहा मिनिटांचं बोलणं कुठे पुरत नाही, तेही ओळखा. सकाळी हात थरथरतात, न घेतल्यास घाम फुटतो, रोज लागते, गर्भारपण आहे, जगू नये असं वाटतं, तर सरळ डॉक्टरकडे. रोज पिणाऱ्याला एकदम बंद करायला लावणं जिवावर बेतू शकतं. मानसिक आरोग्यासाठीच्या ‘टेलीमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आहे. पुण्यातल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग आहे. मुलीला न्यायचं तर तिथे तिच्याभोवती बायकाच असतात हे सांगितलं, की तिचं अर्धं ओझं उतरतं.

पुढच्या भेटीचा दिवस पहिल्या भेटीतच ठरवा, तीन-चार आठवड्यांनंतरचा. तो मुलगा तीन आठवड्यांनी आला. दोन शनिवार तीन पेगांवर थांबला होता, तिसऱ्या शनिवारी रूममेटच्या वाढदिवसाला पुन्हा क्वार्टर झाली. आम्ही फक्त त्या तिसऱ्या शनिवारबद्दल बोललो: पहिला पेग किती वाजता, जेवण कधी, चौथा कुणी भरला. चौथा नेहमी तोच एक मित्र भरतो, हे त्याला सांगता सांगताच कळलं. मुलगी आली तेव्हा मैत्रीण दाराबाहेर नव्हती, तिच्या शेजारच्या खुर्चीवर होती. दोघींनी आपापल्या फोनमध्ये दर शनिवारचे ग्रॅम लिहून आणले होते, आणि मैत्रिणीचा आकडा मोठा होता. मी तिच्यापुढे कोरा कागद सरकवला.